ठाणे, शाळा आणि गाव

हिनेर सलीम या कुर्द दिग्दर्शकाचा ‘माय स्वीट पेपर लँड’ हा चित्रपट २०१३ साली कान महोत्सवात दाखवला गेला. सद्दामची राजवट संपल्यानंतरचा काळ. इराक, इराण आणि तुर्कस्तानच्या सीमा मिळतात तिथल्या एका दुर्गम गावात बारान हा जुना पेशमर्गा लढवय्या पोलीस अधिकारी म्हणून येतो. परिसरावर हुकूमत अजीज आगाची, तस्करीही त्याचीच. कायदा ठाण्याच्या चार भिंतींपुरता.

याच गावात गोवेंद ही अविवाहित तरुणी शिक्षिका म्हणून आलेली आहे. ठाण्याशी लढायला आगाला बंदुका लागतात. शाळेशी लढायला बदनामी पुरते. बाईच्या इज्जतीविषयीची कुजबुज थेट तिच्या भावांच्या कानी जाते. शिक्षकी पेशातल्या आम्हाला चित्रपटाचे हे निरीक्षण फार खरे वाटते.

उणीवही इथेच जाणवते. घोडा-बंदुकीच्या ‘वेस्टर्न’चे वळण घेतल्यामुळे शेवटी निवाडा गोळीवर जातो. गावकरी आणि त्यांची मुले मागेच राहतात. उद्या आगा हटला, तरी त्याच्यापुढे मान झुकवण्याची सवय कोण मोडणार? त्याचे उत्तर गोवेंदच्या वर्गात होते. कॅमेरा तिथे आणखी थोडा थांबायला हवा होता.