‘स्फट्यातु’ का रुळला नाही?

कृत्रिम भाषा म्हटली की एस्परान्तो आठवते. पण मोठ्या प्रमाणावर शब्द घडवण्याचा एक प्रयोग नागपुरातही झाला आहे. डॉ. रघुवीर यांनी १९४६ मध्ये लाहोरहून ‘सरस्वती विहार’ येथे आणले आणि त्यांचा विस्तृत इंग्रजी-हिंदी कोश १९५५ मध्ये येथूनच निघाला. हिंदी आणि मराठी या दोन्ही राजभाषा असलेल्या राज्याची नागपूर तेव्हा राजधानी होती. संस्कृतची मुळे, उपसर्ग आणि प्रत्यय घेऊन नियमाने शब्द पाडायचे, ही रघुवीरांची रीत होती.

हे शब्द उच्चाराला अवघड म्हणून मेले, असा निकाल आपण सहज देतो. तो तपासून पाहावा. अ‍ॅल्युमिनियमसाठी त्यांनी ‘स्फट्यातु’ योजला. ‘स्फ’ आपण स्फोट, स्फूर्ती यांत रोज उच्चारतो; ‘ट्य’ नाट्यात आहेच. पोटॅशियमच्या ‘दहातु’त तर जोडाक्षरच नाही. मराठीच्या प्रकृतीला खटकणारी गोष्ट एकच, शेवटचा ऱ्हस्व ‘उ’. काही अव्यये सोडली तर मराठी शब्दाचा अंत्य इकार-उकार दीर्घ असतो. पण ‘स्फट्यातू’ असे दीर्घ करून घेणे कितीसे कठीण होते? तेव्हा ध्वनींच्या जुळणीचा नियम येथे मोडलेला नाही. तरीही शब्द रुळला नाही.

दोष ‘आतु’मध्ये आहे. ‘धातु’ शब्दातला ‘ध्’ छाटून उरलेल्या भागाला प्रत्यय केले गेले. पण मराठी कानाला ‘आतु’त धातू ऐकूच येत नाही. जर्मन धर्मगुरू योहान श्लायर यांनी १८८० च्या सुमारास ‘व्होलापूक’ भाषा रचली, तेव्हा असेच घडले होते. अनेकांना ‘र’ जड जातो म्हणून त्यांनी तो शक्यतो टाळला आणि इंग्रजी ‘वर्ल्ड’चे ‘व्होल’ केले. शब्द सोपा झाला, पण इंग्रजाला त्यात आपला शब्द ओळखू येईना.

मुळांचेही तेच. स्फटी म्हणजे तुरटी, हे कितीजणांना ठाऊक? कॅल्शियमच्या ‘चूर्णातु’तले चूर्ण मराठी माणसाला वैद्याकडे नेते. वास्तविक याच ‘चूर्ण’ची जोडाक्षरे प्राकृतात ‘चुण्ण’ अशी झिजून आपल्याकडे ‘चुना’ झाला आहे. बोलणाऱ्यांनी शतकानुशतके वापरून जो शब्द मऊ केला, तो वगळून रघुवीर पुन्हा मूळ दगडाकडे गेले.

सावरकरांच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या ‘दिनांक’ आणि ‘महापौर’ या शब्दांकडे पाहा. संस्कृतपणात ते कमी नाहीत. पण ‘दिन’, ‘अंक’, ‘महा’ हे तुकडे ऐकताक्षणी कळतात. अर्थात ओळख पटली की शब्द टिकतोच, असेही नाही. फाउंटन पेनसाठीची ‘झरणी’ किती गोड होती, तरी ती गेली. वस्तूबरोबर तिचे नाव आधीच घरात आलेले असेल, तर नव्या शब्दाला जागा उरत नाही.

महाराष्ट्रात भाषा संचालनालय १९६० पासून आहे, परिभाषा कोश आहेत आणि शब्द घडवणे चालूच आहे. त्याचा भार मराठी माध्यमात विज्ञान शिकणाऱ्या मुलावर पडतो. नवा शब्द व्याकरणात बसतो का, एवढे पाहून भागणार नाही. फळ्यावर न लिहिता तो वर्गात एकदा मोठ्याने म्हणावा. मुलाला त्यातला एखादा तुकडा ओळखीचा वाटला, तरच तो शब्द कोशातून बाहेर पडेल.