कप कोणी धुतला? स्टीव्हन्सनचं पत्र आणि मोलोकाईच्या सिस्टर्स

आज आपण एकच छोटा मजकूर वाचणार आहोत. ‘ट्रेझर आयलंड’चा लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन याने २५ फेब्रुवारी १८९० रोजी सिडनीत लिहिलेलं अनावृत पत्र. फादर डेमियन यांच्या बचावासाठी ते लिहिलं आहे, आणि इंग्रजी वादलेखनाचा उत्तम नमुना म्हणून आजही वाचलं जातं. तो मान त्याला मिळायलाच हवा. पण माझं म्हणणं असं, की या पत्राने डेमियन यांची अब्रू वाचवली आणि त्याच दमात त्यांच्याभोवतीची माणसं पुसून टाकली.

आधी थोडी पार्श्वभूमी. हवाईच्या राज्यात १८६५ साली कायदा झाला : कुष्ठरोग्यांना समाजापासून वेगळं काढायचं. जागा ठरली मोलोकाई बेटावरची. तीन बाजूंना समुद्र, चौथ्या बाजूला सरळसोट कडा. १८६६ पासून तिथल्या कालावाओ गावात रुग्ण नेऊन सोडायला सुरुवात झाली. सक्तीने वेगळं ठेवण्याचं हे धोरण १९६९ पर्यंत चाललं. तोवर सुमारे ८,००० माणसं तिथे पाठवली गेली, बहुतेक सगळी मूळची हवाईयन. १८७३ च्या मे महिन्यात डेमियन तिथे उतरले, तेव्हा ते ३३ वर्षांचे होते. पुढे त्यांनाही तोच रोग झाला आणि १५ एप्रिल १८८९ रोजी ते वारले.

त्यानंतर काही महिन्यांत होनोलुलूचे प्रोटेस्टंट धर्मोपदेशक हाइड यांनी आपल्या एका सहकाऱ्याला पत्र लिहिलं. डेमियन गलिच्छ होते, हटवादी होते, स्त्रियांच्या बाबतीत त्यांचं वर्तन शुद्ध नव्हतं, आणि वसाहतीतल्या सुधारणांचं श्रेय त्यांचं नव्हेच, असा त्याचा सूर. ते पत्र छापलं गेलं. स्टीव्हन्सन डेमियन यांच्या मृत्यूनंतर सुमारे महिन्याभराने त्या वसाहतीत आठवडाभर राहून आला होता. पत्र वाचून तो पेटला.

आता त्याची पद्धत बघा. तो आरोप सरसकट नाकारत नाही. डेमियन अस्वच्छ होते? होते. हट्टी होते? होते. तिथे जाऊन त्याने डेमियन यांच्याविषयी जे ऐकलं, त्यातलं वाईटसुद्धा तो आपल्या टिपणांतून काढून समोर ठेवतो. मग विचारतो : हा माणूस तिथे गेला, तेव्हा तुम्ही कुठे होता? हाइड यांचं होनोलुलूतलं ऐसपैस घर तो वाचकाला दाखवतो. संत म्हणजे निर्दोष माणूस नव्हे, ही समज इतक्या ठसठशीतपणे मांडणारं लेखन कमीच असेल. इथवर मी स्टीव्हन्सनच्या बाजूचा आहे.

अडचण दोन जागांवर येते.

पहिली जागा. अस्वच्छतेच्या आरोपाला उत्तर देताना तो बिशप होमचा दाखला देतो. तिथला एकूण एक स्वच्छ कप आणि टॉवेल त्या गलिच्छ डेमियननेच धुतलेला आहे, अशा अर्थाचं ते वाक्य आहे. वाक्य भारी आहे, टाळी घेणारं आहे. पण बिशप होम म्हणजे काय? वसाहतीतल्या मुलींचं वसतिगृह. ते फ्रान्सिस्कन सिस्टर्स चालवत होत्या, त्यांच्या प्रमुख मदर मारियान कोप. तिथले कप आणि टॉवेल धुतले जात होते ते या बायकांच्या देखरेखीखाली. जखमाही त्याच बांधत होत्या. स्टीव्हन्सनने हे डोळ्यांनी पाहिलं होतं. तो तिथल्या मुलींबरोबर क्रोके खेळला, मदर मारियान यांच्यासाठी त्याने कविता लिहिली, नंतर पियानोही पाठवला. म्हणजे सिस्टर्स त्याला माहीत नव्हत्या असं नाही. पण वाद घालायला बसला, तेव्हा त्यांचं काम त्याने डेमियन यांच्या खात्यावर जमा केलं.

कोणी म्हणेल, अहो, ही अलंकारिक भाषा आहे. डेमियन यांच्यामुळे जगाचं लक्ष तिकडे गेलं, पैसा आला, म्हणून ती स्वच्छता. हे बऱ्याच अंशी खरं आहे. पण आता दुसरी जागा बघा. वसाहतीत जाताना त्याच्या होडीत दोन सिस्टर्स होत्या आणि त्यांतली एक मूकपणे रडत होती, असं तो सांगतो. पत्रातला हा सर्वांत हळवा प्रसंग. आणि तिथेच तो म्हणतो, की त्या डेमियनचं नम्र अनुकरण करत होत्या.

अनुकरण? मदर मारियान १८८३ मध्ये सहा सिस्टर्सना घेऊन न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूसहून हवाईला आल्या. तिथे त्या आपल्या संघाच्या प्रमुख होत्या आणि रुग्णालय चालवण्याचा अनुभव गाठीशी होता. हवाईकडून आलेली विनंती पन्नासहून अधिक धर्मसंघांनी नाकारली होती, ती यांनी स्वीकारली. मोलोकाईला जाण्याआधी पाच वर्षं त्या होनोलुलूत कुष्ठरोग्यांचीच सेवा करत होत्या. १८८६ मध्ये डेमियन तिथे उपचारासाठी आले, तेव्हा त्यांची शुश्रूषा सिस्टर्सनी केली. ज्यांनी त्यांची काळजी घेतली, त्यांनाच पत्र त्यांची सावली करून टाकतं.

गंमत म्हणजे, यात डेमियन यांच्यावरही अन्याय होतो. पत्रातला डेमियन एकटा वीर आहे, एका झेपेत मृत्यूला कवटाळणारा. प्रत्यक्षात ते मोलोकाईला गेले ते एका योजनेतून. बिशपनी विचारल्यावर चार फादर तयार झाले आणि त्यांनी पाळीपाळीने जायचं असं ठरलं. डेमियन यांची पाळी पहिली. मग ते तिथेच राहिले. त्याही आधी, मुळात हवाईला यायचं होतं त्यांच्या भावाला. तो आजारी पडला म्हणून त्याच्या जागी हे आले. धर्मसंघातलं जीवन असं असतं : व्रत, आज्ञा, बदली, पाळी. एकटेपण हा त्यांचा पराक्रम नव्हता, ती त्यांची यातना होती. सोबतीला फादर पाठवा, असं ते वरिष्ठांना परत परत लिहीत राहिले. चरित्रकार सांगतात, की एकदा वरिष्ठांना जहाजावरून उतरू दिलं नाही, तेव्हा डेमियन यांनी होडीत उभं राहून, सगळ्यांच्या देखत, ओरडून आपलं पापनिवेदन केलं. एकट्या वीराला याची गरजच काय? संघाचा माणूस असल्याशिवाय हा प्रसंग कळत नाही.

आणखी एक वर्ग आहे. रुग्ण नवऱ्याबरोबर किंवा बायकोबरोबर स्वेच्छेने जाणाऱ्यांना हवाईयन भाषेत ‘कोकुआ’ म्हणत. जोनाथन नापेला हे मॉर्मन पंथाचे हवाईयन गृहस्थ १८७३ मध्येच बायकोबरोबर तिथे गेले, त्यांनाही रोग जडला आणि १८७९ मध्ये ते तिथेच वारले. डेमियन यांच्याशी त्यांचा स्नेह होता. म्हणजे तोच त्याग, तेच ठिकाण, तोच शेवट. डेमियन यायच्या आधीपासून कोकुआ तिथे होते. या माणसांसाठी अनावृत पत्र कोणी लिहिलं नाही.

पत्राचा सगळा रोख हाइड यांच्यावर आहे. आठ वर्षांच्या पोराला आईपासून तोडू शकणारा कायदा त्या माऱ्यातून सुटतो. कारण पत्राला एक खलनायक हवा होता, आणि खलनायक एक असला की नायकही एकच लागतो.

आपल्याकडची सेवाकार्यावरची चरित्रं आठवा. एक माणूस मोठा करायचा, आणि पहाटे उठून पाणी तापवणाऱ्या बायकांना ‘मोलाची साथ’ या दोन शब्दांत उरकायचं. निंदेला उत्तर देताना तर हे हमखास होतं.

डेमियन यांना २००९ मध्ये संतपद मिळालं, मदर मारियान यांना २०१२ मध्ये. चर्चला दोघांची नावं एका ओळीत आणायला शंभरावर वर्षं लागली. स्टीव्हन्सनचं पत्र जरूर वाचा, छोटंसंच आहे. फक्त कपाचं वाक्य आलं की तिथे थांबा, आणि तो कप खरोखर कोणाच्या हातात होता ते आठवा.