अपस्मारातील शुद्ध : एका व्याख्येची मीमांसा

अपस्मार या शब्दातच स्मृतीचा लोप अभिप्रेत आहे. इंटरनॅशनल लीग अगेन्स्ट एपिलेप्सी या संस्थेने २०१७ साली झटक्यांचे जे वर्गीकरण केले, त्यातही भानाची परीक्षा मुख्यतः स्मृतीवरच सोपविली होती. भान म्हणजे स्वतःची व भोवतालची जाणीव, ही व्याख्या निर्दोष दिसते. परंतु व्यवहारात झटक्यात काय घडले हे रुग्णास मागाहून आठवते काय, हीच तिची कसोटी ठरली.

वस्तुतः आठवण नसणे आणि भान नसणे या भिन्न गोष्टी होत. स्मृती नोंदविणारा मेंदूचा भाग झटक्यात सापडल्यास, प्रश्नांना नीट उत्तरे देणारा माणूसही पुढे ती विसरू शकतो. उलटपक्षी, वाचा बसलेला रुग्ण सर्व ऐकत असूनही निरुत्तर राहतो. २०२५ च्या सुधारित वर्गीकरणाने जाणिवेबरोबर प्रतिसादाचीही कसोटी लावली, हे योग्यच झाले. तथापि दोहोंपैकी एक ढळली तरी शुद्ध बिघडली असे मानल्याने, केवळ विसरणारा आणि प्रतिसादच न देणारा हे दोघे एकाच वर्गात पडतात.

रुग्णालयात आलेख चालू असता नाव विचारता येते, हात उचलावयास सांगता येते, एखादा शब्द देऊन तो मागाहून विचारता येतो. परंतु परंडा तालुक्यातील सोनारीसारख्या गावी झटका येतो तो घरात किंवा शिवारात. साक्षीदार असते ती आई, नाहीतर शेजारीण. ‘शुद्ध होती का?’ असे विचारल्यास, मुलगी पडली नाही आणि डोळे उघडे होते, म्हणून ‘होती’ असे उत्तर प्रामाणिकपणे मिळते. प्रत्यक्षात ती ओठ चावीत, पदर चाळवीत असेल आणि हाकेला ओ देत नसेल. केसपेपरवरील त्या एका शब्दाच्या भरवशावर तिला चुलीपाशी वा विहिरीवर एकटी जाऊ दिले जाते.

म्हणून प्रश्न वेगळे करावे लागतात. हाक मारल्यावर तिने पाहिले काय? सांगितलेले केले काय? बोलता येत नसता खुणेने उत्तर दिले काय? त्या वेळी कोण काय बोलले, हे तिने नंतर सांगितले काय? उत्तरे साक्षीदाराच्याच शब्दांत नोंदवावीत. वर्गाचे नाव त्यानंतर द्यावे. व्याख्या कितीही सुधारली, तरी तिचे मोल या प्रश्नांच्या नेमकेपणावरच ठरते.