भयपटातला ताबा कुणाचा?

भयपट थिएटरातच पाहावा, घरी त्याची धार जाते, असं सरसकट म्हटलं जातं आणि पुरावा म्हणून 'तुंबाड' पुढे केला जातो. २०१८च्या ऑक्टोबरात तो आला तेव्हा गर्दी बेताचीच होती. २०२४च्या सप्टेंबरात पुन्हा लागला आणि पहिल्या खेपेपेक्षा जास्त कमावून गेला. पण मधल्या वर्षांत त्याची गोडी लोकांना लागली ती बहुतांशी घरच्या पडद्यावरच. तेव्हा पडद्याच्या आकारापेक्षा मोलाचा मुद्दा ताब्याचा आहे. दृश्य किती वेळ सोसायचं हे कोण ठरवतं? 'तुंबाड'चा लोभी नायक विनायक दोराने देवीच्या गर्भात उतरतो, भोवती पिठाचं रिंगण आखतो, कणकेची बाहुली पुढे करतो आणि तिथे कोंडलेला हस्तर तिच्यावर तुटून पडला की त्याच्या लंगोटातल्या मोहरा ओरबाडतो. थिएटरात इथे डोळे मिटता येतात, पण आवाज कानात घुसतोच. घरी रिमोट हाताशी असतो.

यावर कुणी म्हणेल, थिएटरात तर शिट्ट्या वाजतात, मोक्याच्या जागी कुणीतरी विनोद करतो आणि सगळी रांग खिदळते. रात्री एकट्याने हेडफोन लावून पाहावं, मग कळेल. हे खरंच आहे. गर्दीतलं हसू म्हणजे ताबा परत मिळवण्याचीच धडपड. हिदेओ नाकाताच्या 'रिंगू'मध्ये (१९९८) सादाकोचं भूत टीव्हीतून बाहेर सरपटत येतं, तेव्हा घरी पाहणाऱ्याचा टीव्हीही संशयित ठरतो. ती भीती घरातच जास्त झोंबते, कारण तिथे रिमोटवरचाच विश्वास उडतो.

अर्थ लावणं हाही असाच एक रिमोट आहे, आणि आपले अलीकडचे भयपट तो प्रेक्षकाच्या हाती फार लवकर देतात. विशाल फुरिया यांच्या 'लपाछपी'त गरोदर नेहा उसाच्या फडात वाट चुकते तेव्हा जीव खरोखर कासावीस होतो, कारण चारही बाजू सारख्याच दिसतात. पुढे मुलींच्या हत्येचा उलगडा होतो आणि घुसमटीची जागा संताप घेतो. त्यांनीच हिंदीत केलेल्या, थेट ओटीटीवर आलेल्या 'छोरी'तही (२०२१) तेच घडतं. विषय इतका जळजळीत असताना संदेश स्पष्ट नको का, हा आक्षेप रास्त आहे. मुलींच्या हत्येबद्दल संदिग्ध राहणं मलाही पटणार नाही. पण संतापाला बोट दाखवायला गुन्हेगार मिळतो आणि पाहणारा स्वतः अलगद सुटतो. 'तुंबाड'चा धडा तर पहिल्या काही मिनिटांतच सांगून टाकलेला आहे: लोभ वाईट. तरी हस्तर त्या धड्यात मावत नाही. आईच्या गर्भात कोंडलेलं, अन्नाला वंचित झालेलं ते पोर आहे. त्याची दया येते, आणि त्याला लुटणारा विनायक निसटावा असंही त्याच क्षणी वाटत असतं.