पाचवा माणूस कुठे आहे? ‘दरोडा’ या शब्दाची तपासणी

संशोधनाची तयारी करणाऱ्या बऱ्याच जणांच्या प्रपोजलमध्ये हल्ली एक वाक्य हमखास असतं: ‘मराठी वृत्तपत्रांतील बातम्यांच्या आधारे गुन्ह्यांचं विश्लेषण करण्यात येईल.’ कल्पना चांगली आहे. बातम्या गोळा करायच्या, त्यात ‘दरोडा’ शब्द शोधायचा, महिन्यावार मोजायचा, आलेख काढायचा. पण आलेख काढण्याआधी एकच प्रश्न विचारा. तुम्ही नेमकं काय मोजलंत? गुन्हा, की बातमीदाराच्या हाताला आलेला शब्द?

आधी कायद्यात काय आहे ते बघू. १८६० च्या भारतीय दंड संहितेने या शब्दांची एक शिडी केली आणि २०२३ च्या भारतीय न्याय संहितेने ती जवळपास तशीच ठेवली. पहिली पायरी चोरी: दुसऱ्याच्या ताब्यातली जंगम वस्तू त्याच्या संमतीशिवाय, अप्रामाणिक हेतूने हलवणं. चोरी करताना किंवा माल नेताना मारहाण केली, अडवून ठेवलं किंवा तिथल्या तिथे इजा करण्याची भीती घातली, की ती जबरी चोरी. इंग्रजीत हीच रॉबरी. आणि पाच किंवा अधिक माणसांनी मिळून जबरी चोरी केली किंवा तसा प्रयत्न केला, की तो दरोडा, म्हणजे डेकॉइटी. जवळ हजर राहून मदत करणाराही या पाचात धरला जातो.

म्हणजे जबरी चोरी आणि दरोडा यांच्यात फरक आहे तो डोक्यांचा. रक्कम कितीची, हत्यार कोणतं, दुकान केवढं, याने जबरी चोरीचा दरोडा होत नाही. बंद घराचं कुलूप पाच जणांनी तोडलं, आत कोणी नव्हतं, कोणाला धाक दाखवला नाही, तर ती घरफोडी. पाच जण आहेत म्हणून दरोडा होत नाही, कारण मधली पायरीच चढलेली नाही.

आता पेपर उघडा. दोघे जण मोटारसायकलवरून येतात, सराफाला पिस्तूल दाखवतात, दागिने घेऊन जातात. मथळा: ‘भरदिवसा सराफी दुकानावर दरोडा’. कायद्याने ही जबरी चोरी आहे. ‘बँक रॉबरी’चं मराठी आपण सगळेच ‘बँकेवर दरोडा’ असं करतो, मग माणूस एक असो की सात. वर ‘महागाईचा खिशावर दरोडा’ आहेच.

यात बातमीदार चुकतो असं मला म्हणायचं नाही. कायद्याआधीपासून मराठीत ‘दरवडा’ आहे आणि तो हल्ल्याचा, धाडीचा शब्द आहे. बोलणाऱ्याच्या मनात धाक आणि आकार असतो, संख्या नसते. ‘जबरी चोरी’ हे दोन शब्द मथळ्यात बसतही नाहीत आणि कानाला सरकारी वाटतात. बोलीचा अर्थ खोटा नाही. तक्रार आहे ती संशोधकाबद्दल, जो बोलीचा शब्द उचलतो आणि कायद्याचा आकडा म्हणून छापतो.

पण एका ठिकाणी बातमीतला ‘दरोडा’ अगदी कायद्याचाच असतो, आणि तिथे आपण सर्वांत कमी लक्ष देतो. ‘दरोड्याच्या तयारीतील टोळी जेरबंद’ ही बातमी तुम्ही शेकडो वेळा वाचली असेल. साध्या चोरीची किंवा जबरी चोरीची नुसती तयारी हा स्वतंत्र गुन्हा नाही. दरोड्याची तयारी मात्र आहे, आणि दरोड्यासाठी एकत्र जमणं हाही. इथे काहीच लुटलेलं नसतं. मिरची पूड, कोयता, दोरी आणि काही माणसं, एवढ्यावर गुन्हा उभा राहतो. त्यामुळे पाच हा आकडा इथे फार महत्त्वाचा ठरतो. ‘चौघे ताब्यात, एक अंधाराचा फायदा घेऊन पसार’ असं वाचलं की थांबायला शिका. पाचवा माणूस खरंच असेल. पण संशोधक म्हणून तुमच्या नोंदवहीत ‘प्रत्यक्ष पकडलेले’ आणि ‘पसार दाखवलेले’ हे दोन वेगळे रकाने हवेत.

हा आकडा निसर्गनियम नाही, हे कळायला दुसऱ्या भाषा उपयोगी पडतात. थायलंडच्या दंड संहितेतही अशीच शिडी आहे. ‘लक साप’ म्हणजे चोरी, ‘विंग राव साप’ म्हणजे समोरून हिसकावून नेणं (यातल्या ‘विंग’चा अर्थच धावणं), ‘चिंग साप’ म्हणजे जबरी चोरी आणि ‘प्लोन साप’ म्हणजे टोळीने केलेली लूट. पण तिथे टोळीला तीन माणसं पुरतात. उलट इंग्लंडच्या १९६८ च्या कायद्यात रॉबरी एकट्याने केली काय किंवा दहा जणांनी, नाव तेच राहतं. तेव्हा चार जणांनी केलेली एकच घटना बँकॉकमध्ये ‘प्लोन’, नाशिकमध्ये जबरी चोरी आणि लंडनमध्ये नुसती रॉबरी. या तीन देशांचे आकडे एका तक्त्यात शेजारी शेजारी मांडणाऱ्याने आधी हे सांगायला हवं.

लांब कशाला, हिंदीच घ्या. हिंदी संहितेत रॉबरीला ‘लूट’ म्हणतात आणि डेकॉइटीला ‘डकैती’. मराठीत ‘लूट’ हा कायद्याचा शब्द नाहीच. तो सेलच्या जाहिरातीतही चालतो आणि इतिहासातही. १६७० साली शिवाजी महाराजांचं सैन्य दुसऱ्यांदा सुरत मारून परतताना आपल्या वणी-दिंडोरीजवळ मोगलांशी लढलं. त्या मोहिमेला ‘लूट’ म्हणावं की ‘स्वारी’, यावर २०२४ मध्येही वाद रंगला. हिंदी आणि मराठी बातम्या एकत्र करून ‘लूट’ मोजणारा प्रोग्रॅम लिहाल, तर हे सगळं एकाच डब्यात पडेल.

सरकारी आकडे घेतले की सुटलो, असंही नाही. एनसीआरबीच्या मोजणीत एका गुन्ह्यात अनेक कलमं असतील तर सर्वांत गंभीर तेवढं धरलं जातं. खून आणि जबरी चोरी एकत्र असतील तर नोंद खुनात जाते. शिवाय १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेच्या कलम ३०४ ने हिसकावून नेणं हा वेगळा गुन्हा झाला. सोनसाखळीचे काही गुन्हे आधी जबरी चोरीत नोंदले जायचे. ते नव्या रकान्यात गेले, तर जबरी चोरीचा आलेख खाली येईल आणि रस्त्यावर काहीच बदललेलं नसेल. आलेखावर त्या तारखेला उभी रेघ मारा आणि दोन्ही बाजू वेगवेगळ्या वाचा.

हा नुसता नेमकेपणाचा हट्ट नाही, कारण शब्द माणसांना चिकटतात. वृद्धेला गंडवून दागिने नेले की बातमीत ‘भामटा’ येतो. भामटा हे महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीतलं एका समाजाचं नाव आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आधी नाव ठरवलं आणि मग त्या नावात जन्मलेल्या प्रत्येकावर संशय बसवला. तो कायदा १९५२ मध्ये गेला, शब्द राहिला. तुमच्या डेटामध्ये ‘भामटा’ हा कीवर्ड टाकून कोणी उद्या मॉडेल शिकवलं, तर ते मॉडेल काय शिकेल याचा विचार आज करा.

म्हणून प्रपोजल लिहिण्याआधी एक काम करा. जवळच्या वाचनालयात बसून एका महिन्याचे शहर पानाचे अंक काढा. प्रत्येक बातमीसाठी पाच रकाने: मथळ्यातला शब्द, लावलेलं कलम, पकडलेले, पसार दाखवलेले, धाक किंवा इजा होती का. पहिला आणि दुसरा रकाना किती वेळा जुळतो ते मोजा. तो आकडा तुमच्या प्रबंधाच्या पद्धतीच्या प्रकरणात छापा. गाइड विचारतील, ‘याची काय गरज होती?’ तेव्हा तक्ता पुढे करा.