‘आम्ही’ की ‘आपण’? : केनेडींच्या चांद्रभाषणातील एका सर्वनामाचा विचार

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांनी १२ सप्टेंबर १९६२ रोजी ह्यूस्टन येथील राइस विद्यापीठाच्या क्रीडांगणावर केलेले भाषण अंतराळविषयक वक्तृत्वाचा नमुना मानले जाते. त्याचे यश बहुधा अलंकारांत शोधले जाते : अर्धशतकात सामावलेला पन्नास हजार वर्षांचा मानवेतिहास, अवकाशरूपी नवा सागर, एव्हरेस्टवर गेलेल्या मॅलरीचा दाखला. तथापि भाषणाचा खरा भार वाहते ते ‘वुई’ हे सर्वनाम.

इंग्रजीत हे सर्वनाम श्रोत्यास सामावून घेते की वगळते, हे रूपावरून कळत नाही. मराठीत ‘आम्ही’ त्यास बाहेर ठेवते, ‘आपण’ आत घेते. त्यामुळे भाषांतरकारास जागोजागी निर्णय करावा लागतो आणि त्या निर्णयातच मूळ भाषणाची रचना उघड होते. चंद्रावर जाण्याची निवड सांगणारे प्रसिद्ध विधान घ्यावे. ते उद्दिष्ट केनेडींनी २५ मे १९६१ रोजी, गागारिनच्या उड्डाणानंतर सहा आठवड्यांनी, काँग्रेसपुढे ठेवले होते. वस्तुस्थितीस धरून तेथे ‘आम्ही’ हवे. हेतूस धरून ‘आपण’च योग्य. झालेल्या निर्णयाचे कर्तृत्व श्रोत्यांच्या पदरी घालणे, हेच त्या वाक्याचे कार्य होय. वर्तमानकाळी क्रियापदामुळे तर ती निवड जणू त्याच क्षणी होत असल्याचा भास होतो.

याउलट चंद्रच का, असे विचारणारे ‘काही जण’ तृतीय पुरुषातच राहतात. त्यांना उत्तर मिळते ते प्रतिप्रश्नांचे : सर्वोच्च पर्वत का चढावा? राइसने टेक्सासशी का खेळावे? या अखेरच्या प्रश्नास जो हसतो, तो ‘आपण’मध्ये दाखल होतो. वार्षिक ५४० कोटी डॉलरांचा खर्चही ‘आपल्या’ सिगारेट-सिगारांवरील खर्चाहून काहीसा कमी म्हणून सांगितला जातो. राष्ट्राचे अंदाजपत्रक अशा रीतीने घरखर्चाच्या वहीत उतरते.

२१ नोव्हेंबर १९६२ रोजी नासाचे प्रमुख जेम्स वेब यांच्याशी झालेल्या बैठकीच्या ध्वनिमुद्रणात केनेडी अंतराळाविषयी आपल्याला तितकेसे स्वारस्य नसल्याचे सांगतात. रशियाच्या आधी चंद्रावर पोचणे त्यांना महत्त्वाचे वाटते. एवढ्यावरून भाषणास ढोंग ठरविणे उथळपणाचे होईल. राष्ट्र अग्रभागी असावे, हे त्या भाषणातही स्पष्ट आहे. पुढे २० सप्टेंबर १९६३ रोजी संयुक्त राष्ट्रांत त्यांनी सोव्हिएत संघासह संयुक्त चांद्रमोहिमेची कल्पना मांडली. ‘वुई’ची कक्षा तेथे प्रतिस्पर्ध्यापर्यंत विस्तारली.

काँग्रेसने निधी मंजूर केला होता. म्हणून राइसमधील ‘आपण’ सर्वथा पोकळ नव्हते. परंतु ती संमती मतदानातून आली होती, टाळ्यांतून नव्हे. वक्तृत्व हा भेद पुसते. समीक्षेने तो पुन्हा स्पष्ट केला पाहिजे. ‘आपण’ ऐकू येताच, आपणांस विचारले केव्हा, हा प्रश्न श्रोत्याच्या मनात उभा राहणे अगत्याचे आहे.