‘स्मृतिचित्रें’: एका मिशनरी संसाराचा जमाखर्च

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रें’ ह्या ग्रंथाविषयीं आजवर इतकें लिहिलें गेलें आहे कीं, त्यांत आम्हीं आणखी भर कां घालावी, याचें कारण वाचकांस सांगणें प्राप्त आहे. १९३४ पासून पुढें चार भागांत हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. १९५० सालीं त्याचें इंग्रजी भाषांतर निघालें, आणि २०१७ सालीं शांता गोखले यांनीं तें पुन्हां नव्यानें केलें. तेव्हां ग्रंथाची उपेक्षा झाली अशी तक्रार करण्यास जागा नाहीं. आमची तक्रार निराळी आहे. निर्व्याज, भोळा, प्रसन्न, खेळकर अशा ज्या शब्दांनीं ह्या ग्रंथाची स्तुति होते, ते शब्द इतके गोड आहेत कीं, त्यांच्या आड ग्रंथांतली एक मोठी गोष्ट झांकली गेली आहे. एका ख्रिस्ती उपदेशकाच्या घरानें पोरकीं मुलें, विद्यार्थी, वाट चुकलेले तरुण यांना आश्रय दिला, त्याचा हा आंतून लिहिलेला वृत्तांत आहे. आणि लिहिणारी ती आहे, जिनें त्या सर्वांस रांधून वाढलें.

प्रथम कांहीं तारखा. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनीं तो घेतला १९०० सालीं. मधलीं पांच वर्षें हा ग्रंथाचा प्राण होय असें पुष्कळांस वाटतें, व तें खोटेंही नाहीं. पण आमचें लक्ष त्यानंतरच्या अहमदनगरच्या बिऱ्हाडाकडे आहे. नगरास अमेरिकन मराठी मिशनचें ठाणें १८३१ पासूनचें. तेथील धर्मशिक्षणाच्या शाळेंत टिळक शिकवीत, खेडोपाडीं उपदेशास जात, भजनें रचीत. १९१२ पासून ‘ज्ञानोदया’ची मराठी बाजूही त्यांच्याकडे आली. कोणत्याही मिशनच्या अहवालांत असल्या कामाची मोजदाद होते: शाळा किती, प्रवचनें किती, बाप्तिस्मे किती. उपदेशकाच्या घरीं रात्रीं किती पानें मांडलीं गेलीं, हा रकाना अहवालांत नसतो. तो लक्ष्मीबाईंनीं भरून ठेवला.

१८९९-१९०० च्या दुष्काळानें नगर जिल्हा होरपळून निघाला. आईबाप मेलेलीं, टाकून दिलेलीं, वाट फुटेल तिकडे चालत सुटलेलीं मुलें मिशनच्या आसऱ्यास आलीं, आणि अशा मुलींचा गोतावळा टिळकांच्या घरींही जमला. हीं पानें वाचतांना वाचकानें लक्ष्मीबाईंचें माहेर विसरूं नये. सोवळ्याचें वेड लागलेल्या बापाच्या घरीं त्या वाढल्या. बाहेरची वस्तु धुतल्यावांचून ज्या घरांत शिरत नसे, त्या घरची ही मुलगी. ख्रिस्ती झालेल्या नवऱ्याजवळ पुन्हां राहावयास आली, तीही आपली चूल निराळी मांडून. नगरकडील मिशनच्या मंडळींत बहुसंख्य माणसें महार-मांग समाजांतलीं. अशा ठिकाणीं माझी चूल आणि तुझी चूल हा भेद किती दिवस टिकणार? तो मोडला खरा, पण कोणाच्या वादविवादानें मोडला नाहीं. राहुरीच्या मुक्कामांत लक्ष्मीबाईंनीं जातीच्या अभिमानाचा स्वतःशींच उलगडा केला, आणि कोणाच्याही हातचें खावें-प्यावें असा त्यांचा निश्चय झाला. हा निश्चय बाप्तिस्म्याच्या आधींचा. ख्रिस्त त्यांच्याकडे मागून आला. पाणी अगोदर आलें. धर्मांतराच्या ज्या हकीगती आपल्याकडे छापल्या जातात, त्यांत पापाची जाणीव, रात्रभर अश्रु आणि पहांटे प्रकाश असा क्रम ठरून गेलेला असतो. येथें ती वाट स्वयंपाकघरांतून जाते, आणि म्हणूनच तिच्यावर विश्वास बसतो.

आतां विनोदाविषयीं. लक्ष्मीबाईंचा विनोद निरागस आहे असें म्हणतात. आम्हांस तो तसा वाटत नाहीं. टिळक उदार होते, पण त्यांच्या औदार्याची हुंडी नेहमीं दुसऱ्यानें वटवावयाची असे. बाजारास दिलेला पैसा भलत्याच ठिकाणीं खर्चून ते आनंदानें घरीं येत. पाहुणा, विद्यार्थी, अनाथ, जो भेटला त्यास बरोबर आणीत. रागावत तेंही क्षणांत आणि विरघळत तेंही क्षणांत. निर्णय एकाचा, निस्तरणें दुसरीचें. ह्या व्यवस्थेविरुद्ध लक्ष्मीबाई व्याख्यान देत नाहींत. त्या फक्त हकीगत सांगतात: यांनीं असें केलें, मग मीं असें केलें. हीं दोन वाक्यें शेजारीं ठेवलीं कीं वाचक हंसतो, आणि हंसून झाल्यावर त्याच्या ध्यानांत येतें कीं, आपण एक हिशेब वाचला. पतीच्या थोरवीस त्यांनीं कोठेंही उणेपणा आणलेला नाहीं. आपल्या बाजूची एक पैही मात्र त्यांनीं सोडलेली नाहीं. ज्या टीकाकारांनीं ह्या लिहिण्यास भोळें म्हटलें, त्यांच्या घरचा हिशेब कोणी असा मांडला असता, तर हाच शब्द त्यांना सुचला असता काय, अशी शंका आम्हांस पुष्कळदां येते.

ह्या घरांत राहून गेलेल्यांत सर्वांस ठाऊक असलेलें नांव त्र्यंबक बापूजी ठोमरे यांचें. १९०७ च्या जळगांवच्या कविसंमेलनांत ह्या पोरसवदा कवीस ‘बालकवि’ हें नांव मिळालें, आणि पुढें टिळकांनीं त्यास नगरास आपल्या घरीं ठेवून घेतलें. वाङ्मयाचे इतिहासकार येथें टिळकांच्या काव्याचा संस्कार म्हणून एक परिच्छेद लिहितात व पुढें जातात. लक्ष्मीबाईंच्या ग्रंथांतला ठोमरे मात्र हाडामांसाचा मुलगा आहे. तो रुसतो, भांडतो, टोकाचें बोलतो, आणि त्याची समजूत काढून त्यास पानावर बसवावें लागतें. कवीच्या कोवळ्या आणि झटकन् काळवंडणाऱ्या मनाचा जो परिचय ह्या पानांतून होतो, तो त्याच्या कवितेवरच्या कित्येक प्रबंधांतून होत नाहीं. १९१८ सालीं भादली स्टेशनाजवळ आगगाडीखालीं त्याचा अंत झाला. हें ठाऊक असलेल्या वाचकास त्या रुसव्याफुगव्यांवर मोकळेपणीं हंसतां येत नाहीं. लेखिकेनें तीं पानें हंसतच लिहिलीं आहेत. मुलाच्या हट्टाची आठवण आईनें दुसऱ्या कोणत्या रीतीनें सांगावी?

ठोमरे त्या घरचे झाले, पण ख्रिस्ती झाले नाहींत. ही गोष्ट लहान नव्हे. मिशनऱ्यानें दिलेला घांस म्हणजे गळाला लावलेलें आमिष, हा संशय आपल्या समाजांत फार जुना. पंडिता रमाबाईंनीं १८८९ सालीं मुंबईंत काढलेलें आणि पुढें पुण्यास नेलेलें शारदासदन १८९३ सालीं ह्याच संशयाच्या वादळांत सांपडलें. नंतर केडगांवास त्यांनीं मुक्तिसदन उभारलें, तें उघडपणें ख्रिस्ती म्हणून. दुष्काळांतल्या शेंकडों मुली तेथें वांचल्या. रमाबाईंची ती संस्था होती. टिळकांचें होतें नुसतें बिऱ्हाड. बिऱ्हाडास नियमावलि नसते, वर्गणीदारांची यादी नसते. तेथें माणसांस कोणत्या अटीवर ठेवून घेतलें, याचा पुरावा अशा एखाद्या ग्रंथांतच मिळावयाचा. तो पुरावा टिळकांच्या बाजूचा आहे. त्यांच्या घरांत त्यांची स्वतःची पत्नी हिंदु म्हणून निराळी चूल मांडून राहूं शकली, आणि त्यांचें अन्न खाऊन वाढलेला कवि हिंदुच राहिला.

पण येथेंच आम्हांस ग्रंथावर एक आक्षेप घ्यावयाचा आहे. लक्ष्मीबाई प्रौढ होत्या. ठोमरे समजत्या वयाचे होते, आणि त्यांच्यामागें स्वतःचें घर होतें. दुष्काळांत सांपडलेल्या मुलीच्या मागें कोण होतें? तूं काय मानणार, असें तिला विचारण्यांत कांहीं अर्थ तरी होता काय? हा प्रश्न लक्ष्मीबाईंस पडत नाहीं. मुलींचा सांभाळ, त्यांची माया, त्यांच्यामुळें उडालेली तारांबळ हें सर्व येतें. त्यांच्या मनांत उरलेला मागचा गांव येत नाहीं. एवढ्या चौकस लेखिकेच्या हातून हें निसटावें, याचें एक कारण असें असावें कीं, स्वतःच्या धर्मांतराची वाट त्यांस इतकी मोकळी लाभली होती कीं, ती सर्वांसच तशी लाभते असें त्या धरून चालल्या. दुसरेंही एक संभवतें. भुकेल्या पोराला वाढतांना त्याच्या धर्माचा विचार मनांत येणें, हीच गोष्ट त्यांस असभ्य वाटली असती. आमचा कल ह्या दुसऱ्या कारणाकडे आहे; तथापि पहिलें अजीबात सोडून देववत नाहीं, आणि आक्षेपही मागें घेववत नाहीं.

ग्रंथाचा उत्तरार्ध पूर्वार्धाइतका बांधीव नाहीं. कालक्रम मागेंपुढें होतो. माणसें नांवापुरतीं येतात आणि जातात. त्यांतही १९१७ सालचें प्रकरण मात्र कोणीं वगळूं नये. त्या वर्षीं टिळकांनीं मिशनचा पगार सोडला, संन्यास पत्करला आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यांत एका पंक्तीस बसावेत, अशी ती कल्पना. परदेशी पैशावर पोसलेल्या मंडळीस देशी वळणावर उभें करण्याचा हा प्रयत्न धाडसी होता, यांत शंका नाहीं. पण पुरुषानें संन्यास घेतल्यावर त्याच्या बायकोनें काय घ्यावयाचें? आपल्या परंपरेनें ह्या प्रश्नास उत्तर दिलेलें नाहीं. ख्रिस्ती झाल्यानेंही लक्ष्मीबाईंस तें मिळालें नाहीं. तुकोबांच्या आवलीची बाजू आपणांस तुकोबांच्या चरित्रकारांकडून ऐकावी लागते, आणि ते तिला कजाग ठरवून मोकळे होतात. आवलीनें स्वतः लिहून ठेवलें असतें तर तें कसें झालें असतें, याची कल्पना ‘स्मृतिचित्रें’ वाचून करतां येते.

९ मे १९१९ रोजीं मुंबईस टिळक वारले. त्यांच्या हातून अपुरें राहिलेलें ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनीं पुढें चालविलें. शाळेचें तोंड न पाहिलेल्या बाईनें महाकाव्य हातीं घ्यावें, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. २४ फेब्रुवारी १९३६ रोजीं त्याही गेल्या, आणि आठवणींचा शेवटचा भाग त्यांच्यामागून निघाला. शाळेच्या क्रमिक पुस्तकांत ह्या ग्रंथांतले जे उतारे आमच्या पाहण्यांत आले, ते बहुधा सोवळ्याच्या किंवा टिळकांच्या विसराळूपणाच्या गमतीचे. पुढच्या खेपेस निवड करणारांनीं दुष्काळांतल्या मुलींचीं पानें उघडून पाहावीं, अशी आमची त्यांस सूचना आहे. हंसूं तेथेंही भरपूर आहे. आणि एखादी चौकस मुलगी, एवढ्यांचा स्वयंपाक कोण करीत होतें, असें मास्तरांस विचारील.